मागून रिकामी गाडी येतेय

माझ्या सख्ख्या आईला ज्या माणसानं माझ्या दारातून परत पाठवलं, त्याचं कौतुक करायला मी आज बसले आहे. कुणी वेडी म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही, मी शाळेत शिकवते. पण तो माणूस आडवा आला नसता तर आज हे लिहायला मी नसते, हे मी छातीठोकपणे सांगते.

ते आमचे घरमालक. शहाद्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो, अजूनही राहतो. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. आयुष्यभर एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर, त्यातही बहुतेक वर्षं धडगावच्या घाटात. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण ही बातमी त्यांना कुणी दिलेली नसावी. खाकी शर्ट, कानाच्या मागे पेन्सिल, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला दूधवाला ब्रेक मारायचा. भाडेकरूंना ते भाडेकरू म्हणत नसत, पाशिंजर म्हणत. आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आपल्या अहिराणीत पहिला प्रश्न विचारला होता, "लांबना पाशिंजर शेतस का मधमाच उतरशात?"

त्या घरात बेलशिवाय पान हलत नसे. जेवताना अप्पांनी ताटावर चमचा एकदा वाजवला म्हणजे पुरे, दोनदा वाजवला म्हणजे वाढ. त्यांची बायको, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, कपाळाला हात लावून सांगायच्या, "लगीनमा बी भटजीले थांबाडं व्हतं यासनी. म्हने, मी डबल बेल देस, मंग सुरू करा."

त्यांच्याच गाडीवरचे ड्रायव्हरकाका रोज सकाळी फिरायला जायला यायचे. अबोल माणूस. दोघं फाटकाशी शेजारी शेजारी उभे राहायचे. अप्पा काठी फाटकावर दोनदा आपटायचे, मगच ड्रायव्हरकाका पाऊल उचलायचे. मी एकदा गच्चीवरून विचारलं, "काका, बेल मिळाली नाही तर?" ते म्हणाले, "तं मी हालत नई." मी ऐकलेलं त्यांचं सर्वात मोठं भाषण ते.

अप्पांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी पैदा केली होती, दोरीसकट. घंटी आमच्या खोलीच्या खिडकीशी ठोकलेली आणि दोरी खाली ओट्यावर त्यांच्या खुर्चीपर्यंत सोडलेली. नळाला पाणी आलं की खालून दोनदा टणटण, म्हणजे मोटर चालू कर. टाकी वाहायला लागली की एकदा टण, म्हणजे बंद. मी पहिल्यांदा खूप चिडले होते. अहो, मी शाळेत दिवसभर घंटा ऐकते, घरी पण तेच! पण अप्पांशी वाद घालणं म्हणजे घाटात उलटी गाडी घेणं. मी नाद सोडला.

आणि त्यांची ती जगप्रसिद्ध थाप. गाडी खच्चून भरली, थांब्यावर गर्दी धावत आली, की अप्पा दारात आडवा हात लावून ओरडायचे, "मांगून रिकामी गाडी ई ऱ्हायनी! तिनामा बठा!" काठी गावच्या होळीला सगळा डोंगर खाली-वर करतो, तेव्हा म्हणे दिवसभर त्यांच्या तोंडात हेच वाक्य असायचं. मी विचारलं, "अप्पा, ती रिकामी गाडी कधी आली का हो?"

"कधीच नई."

"मग खोटं कशाला बोलायचं?"

"रस्तावर उभा मानूसले काहीतरी आशा पाहिजे ना, मास्तरीन."

मला रक्ताचा कॅन्सर झाला त्या वर्षी अप्पा आम्हाला खरे कळले. आमच्या भागातले बहुतेक लोक मोठ्या दुखण्याला सुरत गाठतात, तसे आम्हीही गेलो. पहिली केमो झाली. डॉक्टरबेननं घरी सोडताना बजावून सांगितलं की औषधानं कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मेल्या आहेत, त्या वाढेपर्यंत अंगात लढणारं कुणी नाही, तेव्हा गर्दी टाळा. आम्ही मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

पण आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं हे धर्मकार्य आहे. लग्नाला नाही गेलं तर एकवेळ माफी मिळेल, दवाखान्यातून आलेल्या माणसाला बघायला नाही गेलं तर तीन पिढ्या बोलणं ऐकावं लागतं. मी घरी आले आणि गावोगावहून जीप भरभरून माणसं यायला लागली. बिस्किटांचे पुडे, शहाळी, केळीचे घड. माहेरचे, सासरचे, शाळेतले, यांच्या ऑफिसातले. आणि या सगळ्यांची व्यवस्था कुणी बघितली? अप्पांनी! त्यांच्या अंगात वीस वर्षांचा कंडक्टर संचारला. जिन्यात उभे राहून "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा शे!" करत त्यांनी माझ्या एवढ्याशा खोलीत माणसं अशी बसवली की सुईला जागा उरली नाही. पोरं मांडीवर. जिजींचा चहा वरच्या वर. आपल्या घरात एवढी माणसं आली याचा अप्पांना केवढा अभिमान! मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतींनंतर माणसं बघून जीव हरखला होता. कुणाचं तरी गोड गुबगुबीत पोर माझ्या गादीवर बसून शेंबूड पुसत होतं, आणि सगळे म्हणत होते, बघा, मावशीचा लळा कसा लागला.

आठवडा उलटला नाही तोच मला सर्दी झाली. मग ताप. मग जिना तर सोडाच, कूस बदलायची म्हटलं तरी धाप लागायला लागली. गाडी करून परत सुरत. डॉक्टरबेननं छातीचा स्कॅन खिडकीकडे धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसांत पिंजलेला कापूस पसरल्यासारखं दिसत होतं. व्हायरसचा न्यूमोनिया. तपासणीत निघाला तो लहान पोरांना दर थंडीत होतो तो साधा सर्दीचा व्हायरस. पोरांचं नाक चार दिवस वाहतं आणि पोरं परत खेळायला लागतात. माझ्याकडे त्याला अडवायला कुणीच नव्हतं, तो सरळ छातीत उतरला. डॉक्टरबेन म्हणाल्या, "बेन, कॅन्सरनी दवा मारी पासे छे. आ शरदीनी नथी." कॅन्सरवर औषध आहे, या सर्दीवर नाही. ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची.

ते दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतात. नाकातोंडावर मास्क, यंत्राची टिकटिक, यांचा सुकलेला चेहरा. आणि काचेपलीकडे एक खाकी शर्ट. अप्पा आले होते. आत सोडत नव्हते म्हणून यांच्या फोनवरून बोलले. मी कशीबशी म्हणाले, "अप्पा, माझं काही खरं नाही."

तिकडून तो घाटातला आवाज आला, "तुन्हा नंबर नई शे आते. हाई गाडी फुल्ल शे. मांगून रिकामी गाडी ई ऱ्हायनी, तिनामा पाहूत."

मी मास्कच्या आत हसले. हसल्यावर खोकला आला, नर्स रागावली. पण ती थाप मी धरून ठेवली. रस्त्यावर उभ्या माणसाला काहीतरी आशा पाहिजे.

वाचले. मोठ्या फरकानं नव्हे, निसटती वाचले. कॅन्सरची पुढची औषधं लांबली, आणि डॉक्टरबेननं यांना बाहेर नेऊन सांगितलं की असं आणखी एकदा झालं तर फुप्फुसं झेलणार नाहीत. अजून केमोचे कितीतरी फेरे बाकी होते आणि प्रत्येक फेऱ्यात पांढऱ्या पेशी तळाला जाणार होत्या. म्हणजे माझा जीव आता कुणाच्या तरी शिंकेवर टांगलेला होता.

घरी आलो तेव्हा अप्पा फाटकात उभे होते. त्यांनी मला नीट पाहिलं, आणि यांना म्हणाले, "घाटमा एवढी वर्सं गाडी चालनी. मन्ही गाडीमा एक बी पाशिंजर मरेल नई." बस्स, एवढंच. मग त्यांनी खुर्ची ओट्यावरून उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवली. घंटीची दोरीही तिथपर्यंत लांबवली.

जिजींनी नंतर मला मागची हकीकत सांगितली. "तू सुरतले व्हती तवय यासनी जेवन सोडं व्हतं. म्हनेत, मीच बठाडं सगळासले तिना पुढे. मीच बठाडं." अप्पांनी स्वतः मला यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून आमच्या घराला जे दिवस आले ते देवानं वैऱ्याला दाखवू नयेत. कुणी आलं की खालून सिंगल बेल. मी दार लावून बसायचं. पाहुणे अंगणात कडुनिंबाखाली, मी वरच्या गॅलरीत, मास्क लावून, आणि मध्ये अप्पा. तिथूनच काय ते विचारायचं. सगळे गेले की डबल बेल. ज्याला शिंक आली तो फाटकाबाहेर. पोरांना तर फाटकातही प्रवेश नाही. कुणी म्हणालं, "अहो अप्पा, लहान लेकरू आहे," तर उत्तर ठरलेलं, "लेकरू अर्धा तिकिटनं, खोकला पुरा तिकिटना!" करोनाच्या वेळचे उरलेले मास्क त्यांनी कपाटातून काढले. सरकारी दवाखान्यात जाऊन फ्लूच्या लसीची चौकशी केली, तिथं नव्हती, मग खाजगीत जिजींना, यांना आणि ड्रायव्हरकाकांना रांगेत उभं करून टोचून आणलं. दूधवाल्याला तर दंडाला धरून नेलं. तो गल्लीभर सांगत सुटला, "दूध मी देस, सुई माले!"

त्यांचं सगळंच शास्त्राला धरून होतं असं मुळीच नाही. वर्तमानपत्र उन्हात वाळवून मग वर पाठवायचे. शहाळी साबणानं धुवायचे. पाहुण्यांना कडुनिंबाच्या धुरातून चालायला लावायचे, त्यानं निरोगी माणसालाही खोकला यायचा, आणि मग त्याला खोकला आला म्हणून बाहेर काढायचे! मी वरून ओरडायचे, "अप्पा, मी काय कैदी आहे का?"

"कैदी नई. रिझर्व्हेशन शे तुन्हं."

लोकांनी नावं ठेवायचं काही बाकी ठेवलं नाही. म्हातारा माजला, भाडेकरणीला कोंडून ठेवतो, आलेल्या माणसाला पायरी चढू देत नाही. ज्या घरातून कधी कुणी चहाशिवाय गेलं नव्हतं त्या घराची ही कीर्ती! अप्पांच्या पुतण्याच्या घरच्या लग्नात त्यांना कुणी पंगतीला बसा म्हटलं नाही. ते जिजींना घेऊन तसेच उठून आले आणि परत खुर्चीवर बसले. आमच्या भागात माणसाला अशी पंगत नाकारणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

आणि मग माझी आई आली.

आई प्रकाशाला राहते, तापीच्या काठी. तिचे गुडघे धरलेले, म्हणून सुरतला तिला नेलं नव्हतं. माझा तिसरा फेरा झाला आणि तिला राहवेना. भल्या सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून, फडक्यात बांधून, बसनं एकटी आली. मी गॅलरीतून तिला फाटकात पाहिलं आणि मास्कबिस्क विसरून जिन्याकडे धावले. तेवढ्यात टण. सिंगल बेल.

जिन्याच्या वरच्या पायरीवरून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आई जिन्याशी आली, खुर्चीत अप्पा. आईनं पदर तोंडाला लावला आणि खोकली. कोरडा, खालून येणारा खोकला.

अप्पा उभे राहिले. जिन्यात आडवा हात. "ताई, वर जाता येवाव नई."

"कसाले? मन्ही पोर शे ती!"

"पोर तुमनीच शे. पन खोकला बी तुमनाच शे."

"ऊसना शेतनी धूळ शे ती! काही नई व्हयेल माले!"

"धूळ शे तं चांगलंच शे. दोन दिनमा जाई. मंग या."

आईचा आवाज चढला. "नऊ महिना पोटमा ठेयेल शे मी तिले! तू कोन रे माले थांबाडनारा?"

अप्पा म्हणाले, "कंडक्टर."

मी वरून काय काय बोलले! खडूस म्हटलं, राक्षस म्हटलं, तुम्हाला पोटचं लेकरू नाही म्हणून आईचं काळीज कळत नाही, इथपर्यंत गेले. जिजी खाली दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. अप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात तसाच जिन्यात आडवा होता.

शेवटी आई माझ्या खिडकीखाली ओट्यावर बसली. मी वर खिडकीत. ती खालून सांगत होती, म्हैस व्याली, पपई लावली, तुझ्या बापाला रोज तुझं स्वप्न पडतं. तिला वर बघून बघून मान दुखायला लागली, पण दुपारपर्यंत उठली नाही. माझे केस गेलेले तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, तेही खालून. मला तिच्या कुशीत डोकं खुपसायचं होतं. एका जिन्याचं अंतर होतं आणि एक खाकी शर्ट. आम्ही दोघी रडत होतो आणि अप्पा पाठ फिरवून बसले होते.

ती निघाली तेव्हा अप्पांनी तिची पिशवी उचलली. बसस्टँडपर्यंत तिच्या मागून चालत गेले, कारण ती त्यांच्याबरोबर चालायला तयार नव्हती. खिडकीजवळची जागा मिळवून तिला बसवलं. गाडी हलेपर्यंत उन्हात उभे होते, असं ड्रायव्हरकाकांकडून कळलं. म्हणजे ड्रायव्हरकाका बोलले! त्यावरून समजा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. आईला सणकून ताप, दवाखान्यात ठेवलंय. तपासणीत फ्लू निघाला. तिच्याकडे रोज बसायला येणारी शेजारीणही पडली. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. माझ्या पांढऱ्या पेशी त्या आठवड्यात तळाला होत्या. आईनं मला कुशीत घेतलं असतं. तास न् तास घेतलं असतं.

आई बरी झाली, ठणठणीत. महिन्याभरानं परत आली, ती फाटकातच थांबली. आत पाऊल टाकायच्या आधी तिनं खुर्चीकडे बघून विचारलं, "येवू का आते?"

अप्पा म्हणाले, "पहिले खोकी दाखाडा."

तिला खोकला येईना. दोनतीनदा प्रयत्न केला, हसू आलं. अप्पांनी खुर्ची बाजूला ओढली आणि दोरी हातात घेतली. टणटण. माझ्या खोलीतली घंटी वाजली आणि पाठोपाठ आईचे गुडघे कुरकुरत जिना चढताना मी ऐकले. त्या आवाजाइतका सुंदर आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

माझे सगळे फेरे त्या खुर्चीच्या पहाऱ्यात पार पडले. फुप्फुसात पुन्हा काही उतरलं नाही. कॅन्सर हटला तो डॉक्टरबेनच्या औषधांनी, त्यात वाद नाही. पण त्या औषधांना काम करायला जो वेळ लागला, तो अप्पांनी जिन्यात हात आडवा लावून मिळवून दिला. हे मी डॉक्टरबेनना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असा एक माणूस प्रत्येक पेशंटला द्या.

मी त्यांची माफी मागितली का? मागायला गेले होते. त्यांनी तोंड उघडूच दिलं नाही. "घाटमा पाशिंजर शिव्या देतसच. गाडी पोचनी ना?"

या थंडीत अप्पा गेले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, पेन्सिल कानाच्या मागे तशीच. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि गावात तापाची साथ होती. ज्याच्या-त्याच्या घरी कुणीतरी खोकत होतं. मी ऐकलं आणि तशीच अनवाणी जिन्याकडे धावले. अर्ध्या जिन्यात पोचले तर खाली जिजी. डोळे सुजलेले, पदर सुटलेला, मागे अंगणात सगळं गाव दाटलेलं. ज्यांनी त्यांना पंगतीला बसवलं नव्हतं तेही. जिजींनी जिन्यात हात आडवा लावला.

"वरच ऱ्हा, पोरी. अंगनमा समदा खोकी ऱ्हायनात. ते ऱ्हाते तं तुले उतरू देते का?"

मी परत वर गेले. खिडकीत उभी राहिले. जिथं खाली आई बसली होती तिथंच त्यांना ठेवलं होतं, आता मी वर आणि ते खाली. मला त्यांच्या पायांना हात लावायचा होता. एकदाच. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं, एवढी गर्दी. अप्पा, ही गाडी फुल्ल आहे, मागून रिकामी येतेय, असं त्यांना सांगणारा कुणी कंडक्टर नव्हता.

तिरडी उचलली. पुढच्या खांद्याला ड्रायव्हरकाका. चौघांनी उचलली, पण पुढे जाईना. मागचे म्हणत होते, चला, चला हो. ड्रायव्हरकाका जागचे हलेनात. फाटकाकडे तोंड करून खांबासारखे उभे. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चक्कर आली, खांदा बदला.

मला कळलं ते कशासाठी थांबलेत.

मी हात लांब करून घंटी धरली आणि दोनदा वाजवली.

ड्रायव्हरकाकांनी पाऊल उचललं.